साडेनऊ लाख पावलं

माझा मुलगा प्रज्ञेश तीन महिन्यांत साडेनऊ लाख पावलं चालला, असं त्याच्या कंपनीच्या कँटीनच्या भिंतीवर फोटोसकट लावलेलं आहे. त्यातली आठ लाख पावलं माझी आहेत. उरलेली दीड लाख त्याची, लिफ्टपर्यंतची आणि त्याच कँटीनपर्यंतची.

मी चंद्रभागा, वय वर्षं त्रेसष्ट. सरकारी कचेरीत आस्थापना विभागात तेहतीस वर्षं काढली, शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. मस्टर माझ्या टेबलावर असायचं आणि एकाची सही दुसऱ्यानं मारलेली मला चष्म्याशिवाय ओळखू यायची. त्यापायी मी भल्याभल्यांना मेमो दिले, शिव्याशापही भरपूर खाल्ले. अशा बाईनं निवृत्त झाल्यावर पोटच्या पोराची हजेरी लावावी, हे आता कुणाला तोंड वर करून सांगू?

झालं असं, की दोन हजार अठराच्या जानेवारीत प्रज्ञेश मनगटावर एक काळा पट्टा बांधून घरी आला. कंपनीनं सगळ्यांना वाटला होता. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत माणसं दिवसभर बसून असतात, म्हणून त्यांना चालतं करायला स्पर्धा काढलेली. रोज दहा हजार पावलं, टीमवार गुण. दिवसभर बसवून ठेवायचं यांनीच, आणि वर चालायची स्पर्धाही यांचीच. प्रज्ञेश एका टीमचा प्रमुख. पहिल्या आठवड्यात त्याची पावलं रोजची सोळाशे भरली आणि त्याची टीम खालून दुसरी आली.

"आई, कॉलवर अमेरिकावाल्यांसमोर स्क्रीन शेअर करतात," तो जेवता जेवता म्हणाला. "माझं नाव लाल रंगात. टीममधली फ्रेशर पोरं हसतात."

त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. सकाळी साडेनऊला गेलेला मुलगा रात्री दहाला घरी येतो, त्यानंतर पुन्हा कॉल. हा कधी चालणार? मला त्याची दया आली. मी म्हटलं, "मी रोज सकाळी चालतेच की. आण इकडे तो पट्टा."

कल्पना माझी होती. ती मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

माझी सून सोनाली लोणी काळभोरच्या कॉलेजात शिकवते. ती पावणेसातच्या बसनं जाते. मी सहाला पट्टा पर्समध्ये टाकून बाहेर पडायची, सोसायटीच्या फाटकाबाहेर मनगटावर चढवायची, आणि आठ वाजता परत येऊन तो झोपलेल्या प्रज्ञेशच्या उशाशी ठेवायची. सोनालीला पत्ता नव्हता. रविवारी पावलं कमी पडू नयेत म्हणून मी भाजीला थेट मंडईत जाऊ लागले. बस मनपाच्या थांब्यावर सोडून द्यायची आणि तिथून चालत जायची. वडगाव शेरीत कोपऱ्यावर मिळणारी मेथी मी मंडईतून आणायची, याचं सोनालीला नवल वाटायचं. "आई, तुमचा उत्साह बाकी दांडगा आहे," ती म्हणायची. मी मेथी निवडायला घ्यायची.

महिन्याभरात प्रज्ञेशचं नाव हिरवं झालं आणि मार्चअखेर भिंतीवर त्याचा फोटो लागला. रविवारी विहारात सगळ्यांबरोबर मीही पंचशील म्हणायची. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. पण आईनं मुलासाठी चार पावलं टाकली तर त्यात कुणाचं काय बिघडलं, अशी मी माझीच समजूत घालायची. मस्टरवर दुसऱ्याची सही मारणारेही मला हेच सांगायचे. त्यांचं मी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कंपनीची दरवर्षीची आरोग्य तपासणी झाली. प्रज्ञेशला साखर निघाली, चांगली वाढलेली. शिवाय वजन चार किलो उतरलेलं. मुळात हा काटकुळा. कॉलेजातली पँट त्याला अजून होते, फक्त शर्ट खोचला की पुढं छोटंसं पोट दिसतं. याच्या अंगाला काही लागत नाही म्हणून मी जन्मभर त्याच्या ताटात एक पोळी जास्त वाढत आले. सोनोग्राफीत मात्र त्याच्या स्वादुपिंडात चरबी निघाली. ज्याच्या गालावर बोटभर मांस नाही त्याच्या आत चरबी! मला तो रिपोर्टच दुसऱ्याचा वाटला.

पोटविकारांच्या डॉक्टर नीरजा, त्यांच्याकडे आम्ही तिघं गेलो. मला मुद्दाम नेलं, कारण माझ्या मिस्टरांची फाईल माझ्याकडे असते. सुखदेव टेलिफोन खात्यात होते. अकरा वर्षांपूर्वी स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले, छप्पन्नाव्या वर्षी. त्यामुळे स्वादुपिंड हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नाही.

डॉक्टरांनी तो शांतपणे उच्चारला. पोटावरची चरबी सगळ्यांना दिसते, त्या म्हणाल्या, पण काही माणसांची चरबी आत जाऊन बसते, यकृतात, स्वादुपिंडात. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसांतही हे पुष्कळ आढळतं. इन्सुलिन तिथंच तयार होतं, आणि चरबी साठली की ते काम बिघडत जातं असं दिसतं. म्हणून साखर वाढते.

"आणि कॅन्सर?" सोनालीनं विचारलं. मला ते विचारायचा धीर झाला नसता.

"चरबी आणि कॅन्सर यांचा संबंध काही अभ्यासांत दिसलाय. पण चरबी आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असा अर्थ काढू नका. बरं, चालणं किती आहे?"

प्रज्ञेशनं मोबाईल पुढं केला. मी हात लांबवून तो काढून घ्यायला हवा होता.

"रोजची साडेदहा हजार?" डॉक्टर सरळ होऊन बसल्या. "तीन महिने?"

"हो. म्हणजे, कंपनीत चॅलेंज होतं," प्रज्ञेश म्हणाला.

"मग मला हे जुळत नाही. बैठं काम असतं, चालणं शून्य असतं, तर मी म्हटलं असतं चाला, खाणं सुधारा, वजन अजून थोडं उतरवा, साखर ताब्यात येईल. पण एवढं चालूनही साखर चढते, नुसत्या चालण्यानं उतरेल त्याहून जास्त वजन उतरतं, आणि वडिलांना कॅन्सर. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या शेपटीकडचा, म्हणजे टोकाचा भाग नीट दिसलेला नाही. दोन आठवडे गोळ्या घ्या, वजन आणि ही पावलं घेऊन परत या. फरक पडला नाही तर आत बघावं लागेल."

सोनालीनं माझा हात धरला. मी प्रज्ञेशकडे बघत होते आणि तो टेबलावरच्या कॅलेंडरकडे.

गाडीत सोनाली कॉलेजात फोन करून रजा टाकत होती, म्हणून मला बोलता आलं नाही. घरी पोचल्यावर मी त्याला गॅलरीत गाठलं.

"प्रज्ञेश, उद्याच्या उद्या डॉक्टरांना फोन कर आणि खरं सांग."

"आई, प्लीज. ड्रामा नको."

"ड्रामा? त्या बाई तुझ्या पोटात कॅन्सर शोधायला निघाल्यात!"

"मग शोधू दे ना. नसेल तर नाही निघणार, सिंपल. उलट फुल चेकअप होईल." त्यानं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तुला कल्पना आहे का? मागच्या वर्षी आमच्या फ्लोअरवर एकानं टॅक्सीची खोटी बिलं लावली. दुपारी त्याला लॅपटॉप ठेवायला सांगितला आणि सिक्युरिटीनं गेटपर्यंत सोडला. माझा फोटो भिंतीवर आहे, आई."

"डॉक्टर काय तुझ्या कंपनीला पत्र लिहिणार आहेत?"

"क्लेम कंपनीच्या इन्शुरन्समधून जातो. पेपरवर सगळं येतं."

इंजिनीअर माणूस, सतरा जणांची टीम सांभाळतो, आणि डोक्यात हे. नोकरी जाईल म्हणून हा पोट आतून तपासून घ्यायला तयार. मला त्याचा इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही. स्वतःचाही आला. पट्टा मागून घेणारी मीच होते.

सोनालीला सांगावं असं दहादा मनात आलं. पण नवरा खोटा ठरतो तेव्हा बाईचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. ती रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून बघते, हे तिनंच मला सांगितलं होतं. तिला सांगितलं तर भीती जाईल, पण तिच्या मनातून हा उतरेल. हे त्यानं स्वतः सांगायला हवं, असं मी धरून बसले.

मग मी संप केला. एप्रिलमध्ये कंपनीनं स्पर्धेची दुसरी फेरी सुरू केली होती. मी पट्टा त्याच्या उशाशीच राहू दिला आणि सकाळी मोकळ्या मनगटानं चालायला गेले. माझा हिशेब साधा होता. पावलं पडली नाहीत की एकतर याला स्वतः चालावं लागेल, नाहीतर खरं बोलावं लागेल. कचेरीत असे कितीतरी कामचुकार मी सरळ केले होते.

पहिल्या दिवशी त्याच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी टीममधल्या कुणाचा तरी फोन आला, आणि तो माझ्यासमोर उभा राहिला.

"आई, पट्टा?"

"तुझा आहे. तू बांध."

"माझे पाच-पाच कॉल असतात!"

"मग कॉल चालत घे. फोनला दोरी आहे का?"

तो पाय आपटत गेला. चालला मात्र नाही. गोळ्या घेत होता, भात सोडला, साखर सोडली, रात्रीचं जेवणही अर्धवट टाकू लागला. भीतीनं असेल. दोन आठवड्यांत आणखी दीड किलो उतरला.

दुसऱ्या वेळी डॉक्टर नीरजांनी आधी वजन बघितलं, मग मोबाईल. त्यांच्या कपाळावरची आठी मला समोरून दिसत होती.

"साडेदहा हजारांवरून एकदम दीड हजार? काय झालं? थकवा येतो का?"

आता हा सांगेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"हो," प्रज्ञेश म्हणाला. "थोडा वीकनेस आहे."

डॉक्टरांनी पेन उचललं. "मग मी थांबणार नाही. सोमवारी दाखल व्हा. तोंडातून नळी घालून आतून सोनोग्राफी करू आणि गरज वाटली तर सुईनं तिथला तुकडा काढू. त्यात थोडा धोका असतो, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. पण ही लक्षणं मला आवडलेली नाहीत."

सोनाली रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. म्हणजे मी जो संप केला तो याला सरळ करायला, आणि त्यानं हा उलट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचला. माझं डोकंच फिरलं.

"थकवा नाही, डॉक्टर," मी म्हटलं. "संप आहे."

"म्हणजे?"

"ती पावलं याची नाहीत. माझी आहेत. जानेवारीपासून याचा पट्टा घालून मी चालतेय. दोन आठवडे झाले, मी बंद केलं. हा दीड हजारच चालतो. आधीही तेवढाच चालायचा."

"आई!" प्रज्ञेश म्हणाला. सोनालीनं पदर खाली घेतला आणि आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघितलं.

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमची तब्येत उत्तम आहे, चंद्रभागाबाई. अभिनंदन. त्या आकड्यावर विसंबून मी तुमच्या मुलाच्या पोटात सुई घालणार होते."

"सॉरी, डॉक्टर," प्रज्ञेश पुटपुटला. "कंपनीत कळलं असतं तर प्रॉब्लेम झाला असता. आणि आईनंच आयडिया दिली होती."

शेवटचं वाक्य मला लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. पण त्यामुळेच माझी जीभ सुटली. अकरा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते मी त्या खोलीत तिघांसमोर सांगितलं.

"तुझ्या पप्पांच्या वेळीही मीच होते," मी म्हटलं. "त्यांना नवीन साखर निघाली होती. वजन उतरत होतं. तेव्हाच्या डॉक्टरांनी विचारलं, काही विशेष? मी छाती पुढं काढून सांगितलं, रोज पहाटे पाच किलोमीटर चालतात, म्हणून उतरलेत. डॉक्टरांनी त्यांना शाबासकी दिली. अशा पेशंटचा आदर्श घ्यावा म्हणाले."

"पप्पा चालायचेच की," प्रज्ञेश म्हणाला.

"चालत नव्हते. त्याआधी चार-पाच महिने त्यांनी सोडलं होतं. त्यांना दम राहिला नव्हता. पहाटे उठून चौकापर्यंत जायचे, डेअरीसमोर तासभर बसायचे आणि परत यायचे. दूध घालणाऱ्या वेणूबाईंनी मला सांगितलं होतं. मला माहीत होतं, प्रज्ञेश. पण सगळ्या वस्तीत त्यांचं नाव होतं, साहेब पहाटे चालतात म्हणून. आणि ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. त्यांना खोटं कसं पाडू? मी पाच किलोमीटर सांगितले. सात महिन्यांनी त्यांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा खरं कळलं. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं."

बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

"आधी कळलं असतं तर ते वाचले असते का?" मी डॉक्टरांना विचारलं. अकरा वर्षं मला हा प्रश्न विचारायचा होता आणि विचारायला माणूस नव्हतं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "हा आजार लवकर पकडला तरी अवघड असतो. कदाचित नसतेही वाचले. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही."

मला तो दिलासा नकोच होता. मला फक्त ते पाच किलोमीटर कुठंतरी खाली ठेवायचे होते.

डॉक्टरांनी सोमवारचा कागद फाडला. वडिलांचा आजार आणि उतरलेलं वजन खरं आहे, त्यामुळे एमआरआय करायचाच, पण नळी आणि सुई आत्ता नको, असं ठरलं.

घरी तीन दिवस प्रज्ञेश माझ्याशी बोलला नाही. सोनाली त्याच्याशी बोलत नव्हती. मी दोघांना चहा देत होते आणि दोघंही तो निमूटपणे घेत होते. पट्टा बिघडला असं कळवून त्यानं स्पर्धेतून नाव काढून घेतलं. म्हणजे तिथंही खोटंच. मी कपाळाला हात लावला, पण बोलले नाही. माझा बोलण्याचा अधिकार किती उरला होता? भिंतीवरचा फोटो मात्र अजून तसाच आहे म्हणतात.

एमआरआयमध्ये गाठ निघाली नाही. स्वादुपिंडात चरबी होती, भरपूर होती, आणि फक्त चरबीच होती. सोनालीनं रिपोर्ट दोनदा वाचला आणि फिल्मच्या पाकिटावर डोकं टेकून ती बसून राहिली. मला वाटलं, आता प्रज्ञेश हसेल. तो हसला नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "पप्पांचं मला आधी सांगायला हवं होतंस." मी हो म्हटलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिसऱ्यांदा डॉक्टर नीरजांकडे गेलो. त्यांनी जुना केसपेपर बाजूला सारला आणि नवा कोरा कागद पुढं ओढला.

"आता पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "वजन वाढलेल्या साखरेनंच उतरलं असणार. ही चरबी कमी होऊ शकते. वय कमी आहे, साखर नवी आहे, संधी चांगली आहे. पण माझ्यापुढं खरे आकडे हवेत. लाज वाटेल असे असले तरी चालतील. रोज किती चालता?"

प्रज्ञेशनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. लहानपणी डॉक्टर कुठं दुखतंय विचारायचे तेव्हा तो असाच माझ्याकडे बघायचा आणि मी सांगून टाकायची, पोट दुखतंय, कालपासून. आत्ताही उत्तर माझ्या जिभेवर आलंच होतं.

मी पर्स उचलली आणि उभी राहिले.

"अहो आई, कुठं निघालात?" सोनालीनं विचारलं.

"बस तू," मी म्हटलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

बाहेरच्या बाकावर जागा होती, पण मी दाराशीच उभी राहिले. आत बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही. मग प्रज्ञेशचा आला. काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि मी कानही लावला नाही.